नळाला पाणी आलं तो दिवस

"रामहरी, सायबाच्या गाड्या फाट्यावर आल्यात. सोड पाणी," भाऊसाहेब म्हणाले.

रामहरी टाकीखालच्या व्हॉल्व्हजवळ उकिडवा बसला होता. हातात पाना होता, पण हात हलत नव्हता. गावात नळ आले तेव्हा ग्रामपंचायतीनं त्याला पाणी सोडायला ठेवून घेतलं. तेव्हापासून त्यानं गटारी काढल्या, झेंड्याचा खांब रंगवला, सभेच्या सतरंज्या झटकल्या. पाणी तेवढं सोडलं नव्हतं. टाकी कोरडी, तर सोडणार काय? आज मात्र ती भरलेली होती. काल दुपारी टँकर आणून ती भरून घेतली होती.

"म्या न्हाई सोडत, भाऊसाहेब."

ग्रामसेवक भगवानराव, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, त्याच्या शेजारी खाली टेकले. माणूस वाईट नव्हता. रामहरीच्या पोरीला, पिंकीला, परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तेच सोबत होते.

"मला कळतंय रं. पण सायबाला नळ चालू दिसला पायजे. न्हाई दिसला तर माझी नोकरी जाईल, तुझी जाईल. वरच्यांचं काय बी जात नसतंय."

मे महिन्यात जुन्या विहिरीनं तळ गाठला होता. अशा वेळी गावात एखादं हलकं पोर दोरानं खाली सोडतात. ते तळाशी बसून वाटीनं बादली भरतं. मोठं माणूस उतरलं की गाळ ढवळतो. अकरा वर्षांची पिंकी सगळ्यांत बारीक, म्हणून सारी आळी तिलाच बोलवायची आणि पोरीला त्याचा कोण अभिमान. एके सकाळी वरचा दगड निसटला आणि तिच्या डोक्यात पडला. पोलिसांच्या कागदावर मात्र आलं, 'खेळताना विहिरीत पडून मृत्यू'. नळयोजना पूर्ण झालेल्या गावात पोरगी पाण्यासाठी विहिरीत उतरते, असं लिहायचं तरी कसं?

रामहरी आमदाराकडे गेला. आमदार विरोधी पक्षाचे. त्यांनी विधानसभेत प्रश्न टाकला. पिंकी कशी गेली हे सरकारनं एकदा खरं सांगावं, एवढंच रामहरीला हवं होतं. मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण मंत्री काही विहिरीत डोकावायला येत नाही. प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि योजना पूर्ण झाली म्हणून ज्यानं सही ठोकली त्याच साहेबाच्या टेबलावर उत्तर लिहायला जाऊन पडतो. तोच साहेब आज पाहणीला येत होता. चोरालाच पंचनामा करायला बसवायचं आणि त्याला लोकशाही म्हणायचं!

बायांनी देवळात ठरवलं होतं, साहेब आला की रिकाम्या घागरी पालथ्या घालून त्याच्यापुढं बसायचं. टाकी भरल्याची बातमी फुटली आणि सगळं बिनसलं. त्याच बाया आता घागरी घेऊन नळाला उभ्या होत्या. म्हातारी सारजाबाई काठी टेकत रामहरीजवळ आली.

"सोड की लेकरा. सून बाळंत हाय. तिला अंगावर घ्यायला घरात तांब्याभर पानी न्हाई."

रामहरीनं बायांच्या मागं पाहिलं. पंकजा, त्याची बायको, रिकाम्या हातानं उभी होती. तिनं हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हटलं असतं तरी बरं झालं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं मान खाली घातली आणि पाना फिरवला.

साहेब आले तेव्हा नळावर जत्रा भरली होती. पोरं अंगावर पाणी उडवत होती. साहेबांनी भरल्या घागरींचे फोटो काढून घेतले.

"काय आजी, पाणी आलं का?"

"लय आलं बाबा. तुझं कल्यान होवो," सारजाबाई म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

"तुमची काही तक्रार?" साहेबांनी जाता जाता रामहरीला विचारलं.

"सायेब, माझी पिंकी..."

भगवानरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. साहेब तोवर गाडीकडे वळले होते. संध्याकाळी नळ फुसफुसले आणि बंद झाले. पंकजानं एक तांब्यासुद्धा भरून आणला नव्हता.

अधिवेशनात त्या प्रश्नाची पाळीच आली नाही. भलत्याच कारणावरून गोंधळ झाला आणि सभागृह तहकूब झालं. छापील उत्तर तेवढं आमदाराच्या माणसानं फोनवर पाठवलं. पंकजा चुलीपुढं भाकरी थापत होती.

"वाचा की," ती म्हणाली.

रामहरी एकेक शब्द लावत वाचू लागला. "नळयोजना बंद असल्याचे खरे नाही. पाहणीच्या वेळी ग्रामस्थ नळावर पाणी भरताना आढळून आले. सदर मुलगी खेळताना विहिरीत पडली. दोषींवर कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही."

"मंजी काय?"

"मंजी..." त्यानं फोन खाली ठेवला. "पिंकी पान्याला गेलीच न्हवती म्हनत्यात."

पंकजाचा हात पिठात तसाच राहिला.

"झोपली व्हती वो ती," ती म्हणाली. "उठत न्हवती. म्या हलवून उठवलं, तोंड बी धुऊ दिलं न्हाई. खेळाया कोन आसं उठवून धाडतंय?"

मग तिनं पिठाचा पुढचा गोळा घेतला आणि भाकरी थापायला लागली.