पुस्तकांना टेकलेला वाघ

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. समजा, तुमच्या घराच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं. पुराचं नव्हे, पूर ओसरतो. हे पाणी कायमचं राहायला आलंय. तुमची विहीर, तुमचा आंबा, जिथं पडून तुम्ही गुडघा फोडलात ती पायरी, सगळं त्याच्या पोटात गेलं. आता वरून होड्या फिरतात. होडीतली माणसं शेंगा खात म्हणतात, "काय सुंदर तळं आहे हो!"

दिसलं? मग उघडा डोळे. सातवीतल्या मृणालचे डोळे असेच एका रविवारी उघडले.

मृणाल सिल्वासात टोकरखाड्याला राहायची. तिचे बाबा, जयवंत सर, मूळचे चिपळूणचे आणि शाळेत भूगोल शिकवायचे. जवळच्या कारखान्यातले एक साहेब बदली होऊन जाताना त्यांना खोकंभर पुस्तकं देऊन गेले होते. सगळी अमेरिकेवरची, एकेका मुलखाची: कुठं वाळवंट, कुठं खडकाळ किनारा, कुठं डोंगरातली माणसं आणि त्यांच्या चालीरीती. सरांनी ती दिवाणखान्यात ओळीनं लावली होती. ओळ कलंडू नये म्हणून शेवटच्या पुस्तकाला एक दगडी वाघ टेकवला होता. वर चंद्रसूर्य कोरलेला, वीतभर उंचीचा. गेल्या उन्हाळ्यात दुधनीला सहलीला गेले असताना तळ्याच्या ओसरलेल्या काठावर तो मृणाललाच चिखलात दिसला होता. "बाबा, वाघ!" ती ओरडली, आणि बाबांनी तो गाडीत घातला. घरी आणून ब्रशनं घासला, त्याचा शेंदूर पार निघेपर्यंत. आल्यागेल्याला ते सांगायचे, "वाहून गेला असता. वाचवला आम्ही."

त्या रविवारी मृणालनं वर्गातल्या दुर्गाला पुस्तकं बघायला बोलावलं होतं. दुर्गा सुरंगी गावची. शाळेसाठी वसतिगृहात राहायची आणि दुपारच्या जीपनं गावी जाणार होती.

पुस्तकांकडे पाठ करून दोघी सतरंजीवर बसल्या. सरांनी टेनेसी खोऱ्याचं जाड पुस्तक उघडलं.

"सर, हे डोंगर तर आमच्यासारखेच," दुर्गा म्हणाली. "मला वाटलं, अमेरिकेत डोंगरालाही लिफ्ट असेल."

"आणि झाडांना एसी," मृणाल म्हणाली. दोघी खिदळल्या.

सरांनी पान उलटलं. होडीत बसलेली एक म्हातारी, मांडीवर फुलं. "हिचं गाव धरणात गेलं," ते सांगू लागले. "पूर्वजांची थडगी तळ्यापलीकडे राहिली. म्हणून ही मंडळी वर्षातून एकदा होडीनं तिथं जातात, फुलं वाहतात, बसून जेवतात आणि परत येतात." त्यांचा आवाज जड झाला. "बघा पोरींनो, किती लांबच्या लोकांचं दुःख हे!"

"लांबचं कशाला?" दुर्गा म्हणाली. "आमची आजी पण जाते."

"कुठं?"

"दुधनीला. आमचं जुनं गाव तिथंच धरणाच्या पाण्याखाली आहे ना. उन्हाळ्यात पाणी हटलं की वाघदेव वर निघतो. मग शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. गेल्या वर्षी देव मिळालाच नाही. आजी दिवसभर चिखल चाचपत होती. उद्या सगळे जायचेत, पण ती उठतच नाही. म्हणते, देव रुसून गेला, आता तिथं कुणाला भेटू?"

मृणालनं बाबांकडे पाहिलं. बाबा पुस्तकाकडे पाहत होते, पण वाचत नव्हते.

"कसा होता गं तो?" तिनं विचारलं.

"लहानसाच. वर चंद्रसूर्य. डावा कान तुटलेला. आजीच्या बापाची कुऱ्हाड लागली होती म्हणे."

घरातल्या वाघाचा डावा कान भिंतीकडे होता. रोज फडकं मारताना मृणालच्या बोटाला तो खरखरीत तुकडा लागायचा.

तिची नजर कुठं खिळली ते पाहून दुर्गानं मान वळवली. ती ओरडली नाही. अंगणात साप दिसावा तशी हळूच उठून उभी राहिली.

"ह्याला इथं कुणी आणलं?"

स्वयंपाकघराच्या दारात आलेली आई, सुमन, पदराला हात पुसता पुसता थबकली.

"असे दगड पुष्कळ असतात, बाळ," सर कसेबसे म्हणाले. "आधी नीट चौकशी करू. मी फोन करतो कुणाला तरी."

"घासलाय," दुर्गा पुटपुटली. "सर, तुम्ही देवाला घासलंत?"

सरांनी चष्मा काढला आणि फोन हातात घेतला. पण मृणालला कळत होतं, चौकशी म्हणजे उद्याचा दिवस जाणार. पाणी पुन्हा चढणार. आजी तशीच पडून राहणार.

ती उठली. दोन्ही हात घालून तिनं वाघ उचलला. सगळी अमेरिका, वाळवंटं आणि किनारे आणि डोंगर, एकामागून एक धडाधड जमिनीवर आली. ती उचलायला मृणाल थांबली नाही. दाराशी तिनं चपलांत पाय घातला, छातीशी धरलेल्या देवाकडे पाहिलं आणि पाय पुन्हा बाहेर काढला.

"दुर्गा, तू पुढं हो," ती म्हणाली. "आजीकडची वाट तुला माहीत आहे."

आणि ती अनवाणी जिना उतरू लागली.