कोटाचं वरचं बटण

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत कापड बेतून तयार, असा त्यांचा हात. मग त्या हाताला कंप सुटला. त्याची सवय झाली, पण पाठोपाठ सगळ्या हालचालीच मंदावल्या, ते मला फार जड गेलं. डॉक्टर म्हणाले, "हेही त्या दुखण्यातलंच. घाई करू नका." घाई करू नका म्हणे! सदरा घालायला ह्यांना पाव तास, आणि मी चपला घालून दारात ताटकळत उभी.

लेक नोकरीसाठी परगावी निघाली. तिचा कोट ह्यांनीच शिवला, चार महिने खपून. वरचं एक बटण तेवढं राहिलं होतं.

"हे शेवटचं काम," हे म्हणाले. "एवढं माझ्या हातून होऊ दे. मग मशीन विकून टाका."

मला ते ऐकवेना. शिवाय बस दहाची. पहाटे उठून मी गुपचूप ते बटण लावून टाकलं. एक कटकट मिटली.

आठ वाजता बघते तर बटण टेबलावर, आणि हे सुई घेऊन बसलेले!

"मी लावलेलं बटण तोडलं कुणी?" मी लेकीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"मी. आई, आज जरा गप्प बस."

बसले बाई. सुईत दोरा जाता जाईना. एक टाका पडला की दुसरा पडेपर्यंत माझा जीव टांगणीला. न राहवून हात पुढे केला, तर कार्टीने चापट मारली.

"अगं, बस चुकेल!"

"चुकू दे."

दहाला दहा कमी असताना ह्यांनी दाताने दोरा तोडला. मला रडूच आलं.

बसचा थांबा घरासमोरच, रस्त्याच्या कडेला. बस आली. लेकीने खिडकीतून हात काढून ह्यांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. बाहीचं बटण! आत्ताच तोडलेलं.

"शेवटचं कसलं, बाबा? हे राहिलंय. सुट्टीत कोट घेऊन येते."

"मग आजपासूनच दोरा ओवायला घेतो," हे म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

घर जेमतेम पन्नास पावलांवर. नेहमी मी पुढे जाऊन कुलूप काढते. त्या दिवशी किल्ली माझ्या हातात होती, आणि मी त्यांच्या बरोबरीने चालत राहिले.