आकृती सत्तावीस

वर्तमानपत्राचे पहिले पान त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर चार पिनांनी ताणून बसवले, त्याशेजारी लेकीने आणलेला मोठा फोटो ठेवला आणि भिंग दुसऱ्यांदा पुसले.

“किती पुसताय, बाबा?” लेक दारातच उभी होती, खांद्याला पिशवी, पायांत चपला. “दहाला वकीलबाईंच्या हातात कागद पडायला हवा. अकराला त्याला कोर्टात उभं करणार आहेत.”

“तुझ्या घाईनं तुटलेला दोर जुळणार नाही. बस तू.”

ती बसली नाही. त्यांनीही पुन्हा आग्रह केला नाही.

चार दिवसांपूर्वी कपडे शिवण्याच्या कारखान्यातली मालाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून कोसळली होती. गठ्ठ्यांबरोबर दोन बायका आत होत्या. एक जागीच गेली, दुसरी अजून शुद्धीवर नव्हती. आदल्याच आठवड्यात कामगारांनी तुटके जिने आणि खोळंबणारी लिफ्ट यांवरून काम बंद ठेवले होते, आणि त्यांच्या वतीने बोलणारा माणूस तिथलाच फिटर होता. लिफ्टचा तारेचा दोरही त्यानेच बसवलेला. वृत्तवाहिन्यांना एवढे पुरले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘घातपात’ हा शब्द प्रश्नचिन्हासह आला; तिसऱ्या दिवशी प्रश्नचिन्ह गळून पडले आणि फिटर कोठडीत गेला. शिक्षिका असलेली लेक शाळा सुटल्यावर रोज कामगार बायकांबरोबर कारखान्याच्या फाटकाशी बसत होती. तिला हवी होती तज्ज्ञाच्या अभिप्रायाखाली वडिलांची सही. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत त्यांनी बत्तीस वर्षे शिकवले होते.

“हा फोटो काढला कुणी?”

“तिथल्याच एका बाईनं. मोबाइलवर.”

“कधी?”

“पोलीस यायच्या आधी. बाबा, माझ्यावरही संशय?”

“तुझ्यावर नाही. फोटोवर.” त्यांनी वर्तमानपत्रातल्या आणि या फोटोतल्या भिंतीच्या विटा मोजल्या, दोराची तुटलेली तार नि तार पडताळली आणि मगच मान हलवली. “जागा तीच आहे. दोरही तोच.”

एवढ्यात शेजारचे निवृत्त कारकून नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र न्यायला आले, आणि ते बोर्डावर खिळलेले पाहून खुर्चीवर टेकले.

“पेपरची शस्त्रक्रिया चाललीय वाटतं! मास्तर, भिंग कशाला हवं? आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. हाच फिटर, हातात पान्हा, लिफ्टकडे जातोय. स्वच्छ दिसतं.”

“फिटरनं पान्हा नाही न्यायचा, तर काय बासरी न्यायची?”

“विस्तवाशिवाय धूर निघत नाही, एवढंच म्हणतो मी.”

“आणि काका, चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, हे नाही म्हणत तुम्ही,” लेक म्हणाली.

“संन्यासी कोण ते अजून ठरायचंय,” वडील भिंगावरची नजर न काढता म्हणाले. “दोघंही जरा गप्प बसा.”

दोर जिथे लिफ्टच्या कडीतून वळून परत आला होता, तिथे त्याचे दोन पदर एकत्र आवळणारे तीन क्लॅम्प होते. त्यांनी एकेक क्लॅम्प भिंगाखाली घेतला. नट घट्ट बसलेले. प्रत्येक नटावरून बोल्टावर ओढलेली तांबड्या रंगाची बारीक रेघ अखंड होती. नट कुणी नंतर फिरवला असता, तर रेघ तुटून दोन तुकडे झाले असते.

“घातपात नाही,” ते म्हणाले.

लेक पटकन पुढे आली. “नक्की?”

“नटाला बसवल्यानंतर कुणी हात लावलेला नाही. पण क्लॅम्पच उलटे आहेत. हे बघ. याचा एक भाग सपाट, खोगिरासारखा. तो भार घेणाऱ्या दोराला हवा. वाकडा बोल्ट आला पाहिजे मोकळ्या टोकावर. इथे बोल्ट भाराच्या दोरावर आलाय. दोर रोज थोडा थोडा चिरडत गेला आणि एक दिवस तिथंच तुटला.”

कारकून खुर्चीतच पुढे सरकले. “म्हणजे चूक त्याचीच झाली की! मुद्दाम नसेल, निष्काळजी म्हणा. फरक काय?”

लेकीचा चेहरा उतरला. “बाबा, हे असंच लिहिलंत तर तो सुटतो कुठे? उद्या वाहिनीवर ‘घातपात’ जाऊन ‘अडाणी फिटर’ येईल, एवढंच. आणि जिने, लिफ्ट, सगळं बाजूला राहील.”

“दिसतं तेच लिहीन. कुणाच्या सोयीचं लिहायला सही करत नाही मी.”

त्यांनी कागद ओढला, समास सोडला, तारीख घातली आणि निरीक्षणे क्रमाने लिहू लागले. तिसऱ्या ओळीवर पेन थांबले. निष्काळजी माणूस तीनपैकी एखादा क्लॅम्प चुकवतो. तिन्ही चुकवत नाही. इथे तिन्ही एकाच दिशेला होते, आणि मधले अंतर पट्टी लावल्यासारखे सारखे होते. त्यांनी पुन्हा भिंग उचलले. दोराचे मोकळे टोक उसवू नये म्हणून त्यावर बारीक तार गुंडाळलेली होती. त्यांनी वेढे मोजले. सात. तारेचे शेवटचे टोक आत वळवून दाबले होते. दोर हाताळणाऱ्याच्या बोटाला लागू नये म्हणून.

“हा फिटर शिकला कुठं?”

“कुठंच नाही. शिकायची फार हौस होती, पण जमलं नाही, असं त्याची बायको सांगत होती. गॅरेजात काम करता करता पुस्तकावरून शिकला. जुनं पुस्तक, अजून कव्हर घालून ठेवलंय म्हणे.”

“कुठलं पुस्तक?”

“ते नाही विचारलं. का?”

ते उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी तपकिरी बांधणीची एक पातळ पुस्तिका काढली: ‘भार उचलण्याची साधने: छोट्या कारखान्यांसाठी’. वर त्यांचेच नाव होते. ती छापली तेव्हा त्यांचे केस काळे होते. तारेचे सात वेढे आणि आत वळवलेले टोक त्यांचे स्वतःचे. इतर कुठल्या पुस्तकात ते नव्हते. पान न शोधता उघडले गेले: आकृती सत्तावीस.

आकृती त्यांनी बिनचूक काढून दिली होती. छापखान्यातल्या आरेखकाने ती नव्याने काढताना नट वर दिसले तर चित्र उठावदार होईल म्हणून क्लॅम्प फिरवले. चूक लक्षात आली तोवर फर्मे छापून झाले होते. पहिल्या काही प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली गेली. पुढच्या प्रतींत छापखाना विसरला आणि त्यांनीही पाठपुरावा सोडला. दर वर्षी पहिल्याच तासाला ते वर्गाला सांगत, “आकृती सत्तावीस काढा. खोडा.” चाळीस पेन्सिली एकदम चालल्याचा आवाज त्यांना आवडत असे. पुस्तिका मात्र टपालानेही जात होती. जिथे वर्ग नव्हता आणि खोडा म्हणणारे कुणी नव्हते, अशा ठिकाणी.

“काय सापडलं?” कारकुनांनी मान लांब केली. “मास्तर, आता कुणावर संशय?”

त्यांनी पुस्तिका लेकीच्या हातात दिली आणि भिंगही दिले. तिने एकदा आकृतीकडे पाहिले, एकदा फोटोकडे.

“अगदी सारखंच आहे की! बाबा, म्हणजे त्यानं पुस्तकात होतं तसंच केलं!”

“हो. तंतोतंत.”

मग तिला आकृतीवरची लाल पेन्सिलीची फुली दिसली, आणि फुलीखालची बारीक, सरळ ओळ: ‘चूक. वापरू नये.’ त्यापुढे सही आणि तारीख. तिने तारीख वाचली. पुस्तिका छापली त्याच वर्षाची होती ती. घड्याळात साडेनऊ होत आले होते. कारकून उठले, वर्तमानपत्राकडे पाहिले आणि ते न मागताच निघून गेले.

त्यांनी पेन उचलले आणि चौथे निरीक्षण लिहिले. या वेळी पेन थांबले नाही. सही केली, कागदाची घडी घातली.

“वाटेत या पानाची झेरॉक्स काढून जोड. मुखपृष्ठाचीही.”

“बाबा…” लेकीने पुस्तिका छातीशी धरली होती. “झेरॉक्समध्ये लाल काळं दिसेल.”

“मग बाजूला लिही, मुळात लाल आहे म्हणून.” ते बोर्डावरच्या पिना एकेक करून काढू लागले. “आणि तारीख नीट उठली का, ते बघून घे.”