पाटीपलीकडचा खडक

सासूबाईंनी पिशवीची गाठ दातांनी सोडली आणि आतला ओला गड्डा परातीत पालथा केला. लालसर, कंगव्याच्या दातांसारख्या बारीक फांद्यांचं समुद्री शेवाळ परातभर पसरलं.

"घे. दर ओहोटीला जातेस नि हात हलवत येतेस. मी एका खेपेत आणलं."

सून शेवाळांचा अभ्यास करायची. शिकल्यासवरल्या बाईने चिखल तुडवत गवत गोळा करावं, हे सासूबाईंना आधी काही झेपलं नव्हतं. नातेवाइकांत त्या नुसतं 'सून संशोधनात आहे' एवढंच सांगायच्या, आणि कोणी पुढचं विचारायच्या आत विषय बदलायच्या. पण घरी त्या दाराआडून बघत राहायच्या. सून उथळ ताटलीत पाणी घेऊन त्यात शेवाळ तरंगत ठेवायची, खालून कागद सरकवायची, ब्रशच्या टोकाने फांदी न् फांदी मोकळी करायची आणि कागद असा उचलायची, की आपण पाण्याबाहेर आलो याचा शेवाळाला पत्ताही लागू नये. असा हात हजारात एखादीचा. सासूबाईंनी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. कौतुकाने चांगली माणसं बिघडतात, असं त्यांचं म्हणणं.

हे लाल शेवाळ थंडीपुरतंच येतं. सुनेला ज्या खडकांचा परवाना होता, ते यंदा लाटांनी खरवडून काढले होते. थंडी सरत आली होती आणि या एका जातीवाचून तिचा अभ्यास अडला होता. हे बोलणं सासूबाईंनी फोनवर ऐकलं होतं; ऐकू येतं त्याला त्या तरी काय करणार.

परातीत बघताच सुनेचा चेहरा उजळला. मग तिने गड्डा उलटा केला. बुडाशी खडकाला धरून राहणारी बटणाएवढी पकड होती आणि त्या पकडीत खडकाचा टवका अजून तसाच होता.

"आई, हे कुठून आणलंत?"

"समुद्रातून. बाजारात मिळतं का हे?"

"बंदीच्या पाटीच्या पलीकडून?"

सासूबाईंनी हात पुसले. पाट्या दुसऱ्यांसाठी असतात, यावर त्यांचं आयुष्य निघालं होतं.

सून आवाज न चढवता सांगू लागली. पाटीपलीकडचा खडक बंद आहे, लोकांनी तुडवून तो उजाड केला म्हणून. तिथून काही घ्यायचं नाही. परवाना तिच्या एकटीच्या नावावर आहे, दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. शिवाय शेवाळ उपटायचं नसतं, कात्रीने वरवर कापायचं असतं. खालची पकड राहिली तर ते पुन्हा फुटतं.

"एवढ्या समुद्रातून मूठभर गेलं, तर समुद्र काय उपाशी मरणार आहे?"

"प्रत्येक जण मूठभरच नेतो, आई."

सासूबाई परत नेऊन लावू म्हणाल्या, तर सून म्हणाली, एकदा सुटलेली पकड पुन्हा धरत नाही. मग फेकून दे, कोणाला कळणार आहे, म्हणाल्या. सून परातीत मिठाचं पाणी ओतत होती. कपाटातल्या प्रत्येक नमुन्याखाली जागा लिहिलेली आहे, ती म्हणाली. एक गोष्ट लपवली, तर बाकीच्या खऱ्या कशावरून?

दुसऱ्या दिवशी ती शेवाळ डब्यात घालून परवाना देणाऱ्या कार्यालयात निघाली. सासूबाई न विचारता बरोबर निघाल्या. वाटेत त्यांनी मनाशी एक वाक्य घोटून ठेवलं: किनाऱ्यावर पडलेलं होतं, मी उचललं. काठावर वाहून आलेल्या शेवाळाला परवाना लागत नाही, एवढं त्यांनी सुनेच्या बोलण्यातून हेरलं होतं.

साहेब निवृत्तीला आलेले, सुनेच्या कामाची कदर असणारे गृहस्थ होते. त्यांनी डबा उघडला, शेवाळाकडे पाहिलं, बुडाकडेही पाहिलं. मग पेन खाली ठेवून ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, परवा समुद्र खवळला होता. वाहून आलेलं असेल.

सासूबाईंनी तोंड उघडलं. पण सून आधी बोलली.

"नाही साहेब. बंद खडकावरून उपटलेलं आहे. माझ्या घरच्या माणसाने, माझ्या कामासाठी. परवाना माझा आहे, तेव्हा जबाबदारी माझी."

साहेबांनी विचारलं, घरच्या कोणी.

"ते नाव लिहायचं, असं नियमात आहे का?"

"नाही."

"मग राहू द्या."

सासूबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. परवाना पुढच्या थंडीपर्यंत थांबवला गेला. सुनेचं अख्खं वर्ष वाया गेलं. सुनेने सही केली, तेव्हा तिचं अक्षर नेहमीसारखंच गोल आणि सरळ आलं. ही बाई आपल्या घरात आली कशी, असा विचार सासूबाईंच्या मनात आला, आणि कधी नव्हे ते त्यांनी दार उघडून तिला आधी बाहेर जाऊ दिलं.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. सासूबाईंच्या बहिणीला बातमी कळायला पोस्टमन लागत नसे. तिला सांगितलं की गोतावळ्याला वेगळं सांगावं लागत नाही, आणि तिच्यापुढे मान खाली घालायची वेळ सासूबाईंनी आजवर येऊ दिली नव्हती. ती बराच वेळ हळहळली. मग म्हणाली, एवढं शिकून शेवटी चोरीच केली ना सुनेने. पकडली गेली, तेव्हा आता खरेपणाचा आव. तू मेली भोळी, तुला काय कळणार.

सून समोरच टेबलाशी बसून रिकाम्या ताटल्या पुसत होती. फोनमधलं बोलणं बाहेर ऐकू येण्याइतका बहिणीचा आवाज सणसणीत होता. सुनेने मान वर केली नाही. एक ताटली ठेवून दुसरी घेतली.

"तिने नाही उपटलं," सासूबाई म्हणाल्या.

"मग कोणी?"

सासूबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"मी."

त्या थांबल्या नाहीत.

"पाटी वाचून, पलीकडे जाऊन, ह्या हातांनी. तिने माझं नाव घेतलं नाही, म्हणून तुला सांगतेय. आता ठेव फोन. तुला खूप जणांना कळवायचं असेल."