फणीवर आलेला आळ

मी एक जुनी शिसवी लाकडाची फणी आहे. मित्रांनो, सांगलीच्या बाजारात एका सुताराने मला घडवले आणि माझे दाते घासून गुळगुळीत केले. कवठे महांकाळचे किराणा दुकानदार जयपाल यांच्या जैन घरात शिंगाची फणी चालत नव्हती. म्हणून आपल्या आईवेगळ्या मुलीसाठी, पद्मावतीसाठी, त्यांनी मला घेतले. तिचे केस कमरेखाली येत. आत्या चंपाबाई वेणी घालायला बसल्या की शेजारणी म्हणत, "फणी लय गुणाची हाय गं, गुंता कसा झरझर सोडवती!" मला फार अभिमान वाटे.

पासष्ट साली सुगीच्या दिवसांत जयपालांची बैलगाडी ओढ्यात उलटली. मिरजेच्या दवाखान्यात ते कितीतरी दिवस बेशुद्ध होते. पद्मावतीच्या पिशवीतून मीही तिथे गेले, पण तिने मला क्वचितच बाहेर काढले. त्यांच्या घरी दिवस मावळल्यावर जेवत नसत. वडिलांच्या उशापासून वेळेत उठणे तिला जमत नसे, आणि मग रात्र उपाशीच जाई. "आण्णा, डोळं उघडा की," एवढेच ती पुटपुटे.

आण्णांनी डोळे उघडले. कुबडी घेऊन ते घरी आले. सांगलीच्या सुकुमारशी ठरलेले तिचे लग्न वैशाखात करायचे ठरले. घर पुन्हा हसू लागले, आणि तेव्हाच एका सकाळी माझ्या दात्यांत केसांचा पुंजका अडकला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा. मग उशीवर केस, मोरीत केस. भांग रुंद दिसू लागला. मित्रांनो, मला वाटले, माझेच दाते ते उपटत आहेत!

आत्याही तेच म्हणाल्या. "ही फणीच वाईट हाय!" त्यांनी मला फळीवरच्या रिकाम्या डब्यात टाकले. पद्मावतीला उपास धरायला लावले आणि खोट्या केसांचे गंगावन तिच्या डोक्याला घट्ट बांधले. "सासरच्यांस्नी कळलं तर लगीन मोडंल." डब्यात मला तिचे हुंदके ऐकू येत.

पुढे आण्णांना तपासायला मिरजेला नेले, तेव्हा तिने तिथल्या डॉक्टरीणबाईंना डोके दाखवले. घरी येऊन ती आत्यांना सांगू लागली, "बाई म्हनाल्या, मोठा धसका बसला, पोटात अन्न न्हाई, की केसांची वाढ थांबती. आन दोन-तीन महिन्यांनी ते गळत्यात. पर मुळं जिती हायत. उपास सोड, डाळी-उसळी खा, झोप घे, केस ताणून बांधू नगं. हळूहळू परत येतील. न्हाईच थांबलं तर पुन्ना दाखव."

"आन लग्नाचं?"

"मी सांगणार हाय त्यांस्नी."

सुकुमारच्या आई अक्काताई आल्या. पद्मावतीने सगळी हकिकत सांगितली आणि गंगावन सोडून पुढे ठेवले. अक्काताईंनी ते उचलून बाजूला सारले.

"वैशाखात लगीन न्हाई करायचं," त्या म्हणाल्या.

आण्णांची कुबडी भिंतीवरून घसरली.

"दिवाळीनंतर करू. आमच्या घरात कामाचा रगाडा लय. तिथं आली तर ही पोर कवा जेवनार, कवा झोपनार? बापाला उठवून बसवलंय तिनं. आता तिला बसू द्या जरा. फणी कुठं हाय?"

आत्यांनी मला डब्यातून काढले. अक्काताई टोकापासून हळूहळू विंचरू लागल्या. केस अजून येतच होते. पद्मावतीने डोळे मिटून घेतले.

"येऊ देत," अक्काताई म्हणाल्या. "गळायचं ते गळंल. मोजू नगंस."

पावसाळ्यात तिच्या कपाळावर बारीक, उभे राहणारे नवे केस दिसले. त्यांना विंचरताना मी अजून भीतच होते.

मित्रांनो, केस गळू लागले म्हणून फणी फेकू नका आणि ते लपवत बसू नका. जाणत्याला दाखवा. आणि तुमच्या घरात कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसले असेल, तर तेवढा वेळ तुम्ही तिथे बसा आणि म्हणा, "जा, तू जेवून ये."