मला अंधारात तपासा

नळदुर्गच्या बाहेर, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून बालाजीचा ढाबा आहे. ट्रकवाले तिथं थांबतात ते त्याच्या आईच्या भाकरीसाठी. कस्तुराबाई सत्तरीला टेकलेली. नवरा गेल्यावर हा ढाबा तिनंच चालवला, पोराचं लग्न करून दिलं, मग कारभार त्याच्या हाती सोपवला. चूल मात्र सोडली नाही. दिवेलागणीला ती चुलीपुढं बसायची, ती गर्दी ओसरेपर्यंत.

वर्षभरापासून तिला एक विचित्र त्रास सुरू झाला होता. चुलीपुढं तवा, पीठ, भाकरीचा पापुद्रा, सगळं स्वच्छ दिसायचं. पण जाळावरची नजर काढून अंगणात पाऊल टाकलं की पुढं काळंभोर. बाकीच्यांना तिथल्या एका बल्बच्या उजेडात गिऱ्हाइकांना बसायच्या बाजा दिसायच्या, माणसं दिसायची. तिला मात्र कितीतरी वेळ काहीच दिसायचं नाही. हात पुढं करून चाचपडत जावं लागायचं.

तिनं बालाजीला सांगितलं. पोरगा काही वाईट नव्हता. गावात डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा तो तिला घेऊन गेला. भर दुपारी, शाळेच्या वर्गात, तिनं तक्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या ओळी ओळखल्या. तिथल्या डॉक्टरांनी मागं केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालंय, नजर उत्तम आहे असं सांगितलं. तेव्हापासून तिनं तक्रार केली की घरच्यांचं उत्तर तयार असायचं: डॉक्टर तर काही नाही म्हणाले.

नवरात्रात तुळजापूरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. वाढणारी माणसं कमी पडली म्हणून कस्तुराबाई स्वतःच आमटीचं पातेलं घेऊन चुलीपुढून उठली. बाजेवर पाय पसरून बसलेला शिवलिंगप्पा तिला दिसलाच नाही. तो हुमनाबादचा ड्रायव्हर, नेहमीचं गिऱ्हाईक. ती त्याच्या पायाला अडखळली आणि उकळती येसर आमटी त्याच्या पावलावर सांडली. त्या बिचाऱ्यानं दात आवळून पावलावर पाणी ओतून घेतलं. बोलला तो बालाजी, सगळ्यांदेखत.

"डोळं चांगलं हायती म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. तुझं ध्यानच नसतंय, आई. उद्यापासून घरी बस."

शिवलिंगप्पाचा पाय भाजला, याचं तिला फार वाईट वाटलं. पण आपल्याला खोटं ठरवलं, हे तिला गिळता येईना. सकाळी तिनं फक्त सून शिवकन्येला सांगितलं आणि एकटीच एसटीनं सोलापूर गाठलं.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं पुन्हा तोच तक्ता दाखवला. पुन्हा तिनं ओळी ओळखल्या. त्यानं थेंबांची बाटली लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कस्तुराबाई खुर्चीवरून उठली नाही.

"उजेडात मला दिसतंय, हे म्या कवा न्हाय म्हणलंय?" ती म्हणाली. "मला अंधारात तपासा."

बाहेर रांग आहे, असं त्यानं समजावलं. असू द्या, मी पण रांगेतच होते, असं म्हणत ती खुर्चीला धरून बसली. बोलणं वाढलं तसं शेजारच्या खोलीतून डॉक्टर मोनिका आल्या. त्या तिथल्या वरिष्ठ. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्रास कधी होतो, कुठं होतो, सगळं विचारून घेतलं. थेंब घालून डोळ्यांच्या आत पाहिलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मधोमध, पिवळसर ठिपके साचले होते.

"मावशी, तुमचं म्हणणं खरं असणार," त्या म्हणाल्या. "वयाबरोबर काहींच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागतो. सुरुवातीला उजेडात वाचता येतं, पण उजेडातून अंधारात गेलं की डोळ्याला सावरायला फार वेळ लागतो. तक्त्यावर ते कळत नाही. ते मोजायचं यंत्र आहे आमच्याकडं. फक्त आज थेंब घातलेत, आज होणार नाही. उद्या कुणाला तरी घेऊन या."

घरी येऊन तिनं बालाजीला एवढंच सांगितलं, उद्या गाडी काढ. तो कुरकुरत का होईना, आला.

तपासणीच्या खोलीत उजेडाची फटही नव्हती. निकिता नावाची मुलगी यंत्र चालवत होती. तिनं कस्तुराबाईची हनुवटी टेकवून घेतली, हातात बटण दिलं. आधी डोळ्यावर एक लख्ख झोत पडेल, मग अंधार होईल आणि त्यात एक बारीक ठिपका उमटेल. दिसला की बटण दाबायचं. झोत पडला तेव्हा कस्तुराबाईला चुलीत उसाचं पाचट टाकल्यावर उठणाऱ्या जाळाचा भास झाला. मग सगळं मिटलं.

वेळ जात राहिला. बटण वाजेना. आजीला समजलं नसावं असं वाटून निकितानं पुन्हा सगळं सांगितलं, आणि दिसल्यासारखं वाटलं तरी दाबा, असंही म्हणाली.

"वाटून काय उपेग? दिसलं की दाबते."

कोपऱ्यातून बालाजी पुटपुटला, "आई, दाब की एकदा."

"तू गप बस. न्हाय दिसलं तर न्हाय दाबणार."

यंत्राची वेळ संपेपर्यंत तिनं बटण दाबलं नाही. दिवे लागल्यावर डॉक्टर मोनिकांनी आकडे पाहिले आणि बालाजीला त्याच खुर्चीवर बसायला सांगितलं. त्याच्याही डोळ्यावर झोत टाकला. काही मिनिटांतच त्याचं बटण वाजलं. मग पुन्हा वाजलं, मग वाजतच राहिलं. खुर्चीवरून उठताच त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"ह्यो ठिपका तिला शेवटपर्यंत दिसलाच न्हाय?"

नाही, डॉक्टर म्हणाल्या. अंधारातली ही नजर परत आणणारं औषध नाही. पण सहा महिन्यांनी येऊन दाखवा, दाराची सरळ चौकट वाकडी दिसायला लागली तर आजार वाढला समजून लगेच या, आणि तंबाखूची मिश्री बंद करा. मिश्रीवर कस्तुराबाईनं बरीच घासाघीस केली. दिवसातून एकदा तरी चालेल का, हे तिनं तीनदा विचारून पाहिलं. डॉक्टर बधल्या नाहीत.

 परतताना गाडी चालवता चालवता बालाजी म्हणाला, माझं चुकलं. आणि त्याच दमात म्हणाला, आता तर तू घरीच बसायचं, आता तर मशिननंच सांगितलं.

कस्तुराबाईनं त्याला गाडी कडेला घ्यायला लावली.

"म्या खोटी न्हाय, ते दाखवायला गेले होते. घरी बसायला न्हाय. चुलीपुढं मला दिसतंय, तक्त्यानं तेबी सांगितलंय. तुला अंगणात उजेड करता येत न्हाय व्हय?"

दोन दिवसांत अंगणात चार ट्यूबलाइट लागल्या. पायरीच्या कडेला बालाजीनं स्वतः पांढरा रंग दिला. पातेली उचलायचं काम वाढप्यांकडं गेलं. शिवलिंगप्पा पुढच्या फेरीला आला तेव्हा तिनं त्याच्या पायावरची पट्टी पाहिली, माफी मागितली, आणि डोळ्यांचं सगळं सांगितलं. दवाखान्याचा पत्ता तिनंच त्याला दिला. त्याच्या आईलाही संध्याकाळी दिसत नाही म्हणाला.

मिश्री सुटायला महिना गेला. त्या महिन्यात तिच्या तोंडाला कुणी लागलं नाही.

आता गर्दी ओसरली की शिवकन्या चुलीपाशी येते आणि हात पुढं करते. "आत्या, चला, धरा."

कस्तुराबाई हात धरत नाही. जाळाकडं पाठ फिरवते, पिठाचे हात पुसते आणि पाटावर बसून राहते. हळूहळू अंगणातल्या बाजा उमटायला लागतात, मग माणसं, मग रस्त्याकडची बाभळ. कुणाला तिष्ठत बसावं लागलं तर बसू दे.

"तू हो म्होरं," ती सुनेला म्हणते. "मला दिसंल तवा येते."