मला कुणी खाली घेतलं?

मी झेंडा बोलतोय. देशाबिशाचा नाही, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या बहिऱ्या मंडळींच्या सर्फिंग क्लबचा. आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मोर्वेनाबाईंनी मला एका फाटक्या नारिंगी तंबूतून कापून शिवलं. क्लबही त्यांनीच काढला. त्यांना ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात, बोलताही येतं. आणि त्या बोलायला लागल्या की ऐकू येणारे पळ काढतात.

माझं काम सोपं. मी वर असलो की फेरी चालू, खाली आलो की संपली. फेरी संपल्याचा भोंगा यांच्या काय कामाचा? म्हणून आमची माणसं प्रत्येक लाटेनंतर मान वळवून किनाऱ्याकडे बघतात, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी. एवढा माझ्यावर विश्वास.

यंदा गावच्या स्पर्धेत आमची तेगेन उतरली. एरवी बेकरीत पेस्ट्या, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजते. उपांत्य फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती. जिंकली असती तर अंतिम फेरीत जाणारी आमच्यातली पहिलीच. मोर्वेनाबाईंनी आयोजक पॅस्को यांना आधीच बजावलं होतं, "झेंड्याला हात लावायचा नाही हं."

"काळजीच सोडा," पॅस्को म्हणाले होते.

फेरी ऐन रंगात आली आणि फोटोवाला कुरकुरला, "स्पर्धेला पैसे देणाऱ्या कंपनीचा मागचा फलक झाकला जातोय." पॅस्कोंनी मला उपटलं आणि वाळूत आडवं टाकलं. अहो, एका फोटोसाठी!

तेगेनने मान वळवली. मी दिसलो नाही. फेरी संपली असं समजून ती किनाऱ्याकडे निघाली. मागून आलेली झकास लाट तिने सोडून दिली. ती दुसरीने घेतली आणि पुढे गेली. मी वाळूत तोंड खुपसून पडलो होतो.

"फेरी परत घ्या," मोर्वेनाबाई कडाडल्या.

"भोंगा कुठे वाजला होता?" पॅस्को म्हणाले. "फेरी चालूच होती. तिने कुणाला तरी विचारायचं."

"कुणाला? माशांना?"

पॅस्को वेळेबद्दल काहीतरी पुटपुटले. फेरी काही परत झाली नाही. तेगेनने हातांनी एवढंच म्हटलं, "मी तर नियम पाळला." मला इतका संताप आयुष्यात आला नव्हता.

आता क्लबच्या केन्वरची फेरी चालू आहे. मला वाळूत रोवायला तेगेन तयारच झाली नाही. ओल्या पोशाखातच ती दोन्ही हातांनी माझी काठी धरून उभी आहे, नेमकी त्या फलकासमोर.

आत्ताच पॅस्को आले. "तेगेन, जरा बाजूला सरकतेस का? फोटोपुरतं," म्हणाले आणि बोटाने जागाही दाखवली.

तेगेनची भाषा हातांची, आणि तिचे दोन्ही हात माझ्यावर. उत्तर द्यायचं तर मला सोडावं लागेल. तिकडे समुद्रात केन्वरने मान वळवली, मला पाहिलं आणि पुढच्या लाटेकडे निघाला.

पॅस्को अजून उत्तराची वाट बघत उभे आहेत. तेव्हा तिच्या वतीने मीच सांगतो. आम्ही सरकणार नाही. फोटो तुम्ही दुसरीकडून काढा.